गुरगुरणं दाबू नका: कुत्र्यांविषयी वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरातल्या कुत्र्याकडून तुम्ही काय शिकलात, आणि शिकताना कुठे अडलात, असं आम्ही गेल्या अंकात विचारलं होतं. आलेल्या पत्रांत निष्ठा आणि माया यांचा उल्लेख जागोजागी आहे. ते साहजिकच आहे. युधिष्ठिराच्या मागे शेवटपर्यंत चालत गेलेला कुत्रा आपल्याला ठाऊक आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेवही. इथे मात्र आम्ही अडलेल्यांची पत्रं निवडली आहेत. कुत्रं आपल्याला खरं शिकवतं ते अशा अडलेल्या जागीच, असं आमचं मत आहे.

आम्ही दोघंही नोकरी करतो. संध्याकाळी दार उघडलं की कधी उशी फाडलेली असते, कधी हॉलमध्ये शू केलेली. आमची राणी लगेच कान पाडते, नजर चुकवते, सोफ्यामागे जाते. तिला चूक कळते हे उघड आहे. मी मुलाला सांगतो, बघ, मुकं जनावरसुद्धा चूक कबूल करतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच का?
(एक वाचक, पिंपरी)

कारण ती चूक कबूल करत नाहीये, तुमच्या रागाला शांत करू पाहतेय. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार स्पष्ट आहे. मालकाने कुत्र्याला ‘बिस्किट खायचं नाही’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला ते बिस्किट खाऊ दिलं जाई, कधी नाही. परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. पडलेले कान आणि चुकवलेली नजर कुत्र्याने बिस्किट खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की नाही यावर होती. काही न खाताच ओरडा बसलेल्या कुत्र्यांत तर ‘अपराधी चेहरा’ सर्वांत ठळक होता.

कुत्र्याच्या डोक्यात कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड बसायला दोघांत एक-दोन सेकंदांचंच अंतर असावं लागतं. दुपारी फाडलेली उशी आणि संध्याकाळचा ओरडा यांचा तिच्या लेखी काही संबंध नाही. ती शिकते ते एवढंच, की दार उघडून येणारा माणूस कधी कधी भयंकर असतो.

तेव्हा घरी आल्यावर पसारा न बोलता आवरा. शू कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका, त्याचा वास लघवीशी जुळतो आणि तीच जागा पक्की होते. मोठ्या कुत्र्यालाही सहा ते आठ तासांत एकदा बाहेर जावं लागतं, म्हणून दुपारी कुणी तरी येण्याची सोय करा. सवय लागलेलं कुत्रं अचानक घरात शू करू लागलं तर आधी लघवी तपासून घ्या. सकाळी निघण्यापूर्वी अर्धा तास फिरवून आणा. तिच्या खाण्याचा काही भाग जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे हुंगण्या-शोधण्यात तिचा वेळ जाईल. आणि एक दिवस मोबाइलवर चित्रण करून पाहा. तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच ती दार ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, रडत असेल, तर तो कंटाळा नाही. ती एकटेपणाची भीती आहे. अशा वेळी ३० सेकंद बाहेर जाऊन परत येणं, मग १ मिनिट, मग ३ मिनिटं, असं ती शांत राहील तेवढंच वाढवत न्यायचं. ती बिथरली तर मागच्या पायरीवर यायचं. सुधारणा दिसत नसेल तर पशुवैद्यांना भेटा, यावर औषधंही आहेत.

मुलाला मात्र दुसरं काही सांगा. बाबांचा आवाज चढला की राणी कान पाडते, हे त्याला दाखवा. चढलेल्या आवाजासमोर मुलंही अशीच ‘सॉरी’ म्हणतात, ओरडा थांबावा म्हणून. काय झालं हे आवाज उतरल्यावर विचारलं तरच खरं कळतं.

आमचं एकत्र कुटुंब, घरात सात माणसं. शेरूला सगळे सगळं शिकवतात, पण तो कुणाचंच ऐकत नाही. जेवायला बसलो की पानाशी येऊन भुंकतो. आमच्या आजी त्याला गुपचूप तुकडा देतात. त्यांना कसं सांगायचं?
(एक गृहिणी, कोल्हापूर)

आजींना काही सांगू नका, त्यांना काम द्या. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. शेरूला बसवताना घरात किती शब्द वापरले जातात? एक जण ‘सिट’ म्हणतो, दुसरा ‘बस’, तिसरा ‘खाली बस म्हटलं ना!’, आणि अंगावर उडी मारली की हाच ‘खाली’ पुन्हा वेगळ्या अर्थाने येतो. शेरू हट्टी नाही. सात माणसांत एकमत नाही, आणि ते त्याच्या वागण्यात दिसतं आहे. बऱ्याच घरांत कुत्र्याची तक्रार ही मुळात घरातल्या माणसांनी एकमेकांशी न बोललेली गोष्ट असते.

एका रविवारी सगळे बसा आणि पाचच शब्द ठरवा: बस, थांब, ये, सोड, जागेवर. मराठीत ठरवा की इंग्रजीत, शेरूला फरक पडत नाही. पण प्रत्येकाने तोच शब्द, एकदाच म्हणायचा. पाच वेळा ‘बस बस बस’ म्हटलं तर तो पाचव्यांदा बसायला शिकतो. कागद फ्रिजवर चिकटवा. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं सराव पुरे. बक्षीस हरभऱ्याच्या दाण्याएवढं असावं, आणि तो बसला त्याच क्षणी मिळावं. दिवसभरात वरचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याबाहेर जाऊ देऊ नका.

आता पानाचा प्रश्न. रोज मिळणाऱ्या तुकड्यापेक्षा कधी तरी मिळणारा तुकडा सवय जास्त घट्ट करतो. दहादा नाही म्हणून अकराव्यांदा दिलं की कुत्रं शिकतं, अकरा वेळा भुंकलं की मिळतं. म्हणून पानावरून देणं पूर्ण बंद. आजींनी जेवण झाल्यावर उठून, कोपऱ्यातल्या शेरूच्या भांड्यात, तो शांत बसला असताना पोळीचे तीन छोटे तुकडे घालायचे. हे काम त्यांचंच, दुसऱ्या कुणी करायचं नाही. आजींचा आनंद कायम राहील आणि शेरू भुंकण्याऐवजी भांड्यापाशी बसू लागेल. पहिले काही दिवस तो आधीपेक्षा जास्त भुंकेल. इथेच बहुतेक घरं हार मानतात आणि मग भुंकणं दुप्पट होतं. तो वाढलेला आवाज सवय सुटण्याच्या आधीचा असतो, तेवढा काळ धीर धरा.

कोल्हापूरकरांना आणखी एक आग्रहाची सूचना. रश्श्याची पोळी नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात, शिजवले तरी. शिजलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होऊन आतडं फाटू शकतं. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट तर अजिबात नको.

मुलगी सात वर्षांची आहे. तिला जबाबदारी कळावी म्हणून पिल्लू आणायचं ठरवतोय. माझी बहीण म्हणते, दोन महिन्यांत सगळं तुझ्याच गळ्यात पडेल. मुलांना कुत्र्यामुळे खरंच शिस्त लागते का?
(एक आई, नाशिक)

बहिणीचं म्हणणं मान्य करूनच पिल्लू आणा. त्याची जबाबदारी पहिल्या दिवसापासून मोठ्यांचीच असते, दहा-बारा वर्षं. तुम्हा दोघांपैकी एकाला ते मनापासून हवं नसेल तर मुलीसाठी म्हणून आणू नका.

पहिल्या वर्षाचा अंदाज घ्या. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. तीन महिन्यांचं पिल्लू चार तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही, म्हणजे रात्री उठणं आलं. ते अठरा तासांच्या आसपास झोपतं, आणि झोपलेल्या पिल्लाला उठवायचं नाही हा मुलीसाठी पहिला नियम.

सात वर्षांची मुलगी काय करू शकते? पाण्याचं भांडं रोज विसळून भरणं. मापाने खाणं काढून देणं. त्याच्या केसांना ब्रश करताना शेजारी बसणं. कॅलेंडरवर लसीच्या तारखेला खूण करणं. रस्त्यावर एकटीने फिरवणं नाही, त्याचे दात घासणं नाही, त्याच्या तोंडातली वस्तू ओढून काढणं तर मुळीच नाही. दहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रं यांना मोठ्या माणसाविना एका खोलीत ठेवू नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

शिस्तीपेक्षा मोठी गोष्ट या वयात शिकता येते: समोरच्याला नको असेल तर थांबायचं. त्यासाठी तीन सेकंदांचा नियम आहे. पिल्लाला छातीपाशी किंवा खांद्यावर तीन सेकंद कुरवाळायचं, मग हात काढून घ्यायचा. ते जवळ सरकलं, डोकं हाताखाली घातलं, तर पुन्हा तीन सेकंद. ते तसंच बसून राहिलं, तोंड फिरवलं किंवा उठून गेलं, तर ते ‘नाही’ म्हणालं. मुली हा खेळ पटकन शिकतात आणि मग पाहुण्यांनाही शिकवतात. आपल्याकडे लहानांचे गाल ओढताना त्यांना कुणी विचारत नाही. ज्या मुलीने कुत्र्याचं ‘नाही’ ऐकायला शिकलं तिला स्वतःचं ‘नाही’ उच्चारायलाही सोपं जातं, असं आमचं ठाम मत आहे.

‘नाही’च्या खुणा अशा: खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, मान वळवूनही डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहणं, अंग एकदम ताठ करणं. आणि मग गुरगुरणं. गुरगुरल्यावर कुत्र्याला मारू नका, ओरडूही नका. बहुतेक घरांत इथेच चूक होते. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण त्याला नको असलेली गोष्ट तशीच नकोशी राहते. पुढच्या वेळी ते सूचना न देता चावतं. ‘काही न करता अचानक चावला’ अशा घटनांमागे पुष्कळदा आधी दाबून टाकलेलं गुरगुरणं असतं. गुरगुर ऐकू आली की मुलीला शांतपणे बाजूला घ्यायचं, आणि कुत्र्याला काय नकोसं झालं ते शोधायचं: भांड्याशी हात गेला का, कान दुखतोय का, झोपमोड झाली का. घरातली माणसं कुरकुरतात तेव्हाही ती गप्प बसावीत अशीच आपली इच्छा असते. कुरकुर ऐकून घेतली तर पुढचं भांडण टळतं.

रोज वीस मिनिटं फिरवायला नेतो. निम्मा वेळ तो खांबाखांबाशी हुंगत उभा असतो. व्यायाम होतच नाही. ओढून न्यावं का?
(एक आयटी कर्मचारी, ठाणे)

ओढू नका. हुंगणं हाच त्याच्या फिरण्याचा मुख्य भाग आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी काही लाख. कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. त्या खांबावर कोण येऊन गेलं, नर की मादी, किती वेळापूर्वी, हे सगळं तो टिपत असतो, आणि त्याने डोकं इतकं दमतं की घरी येऊन तो शांत झोपतो.

वेळेची वाटणी करा. पहिली दहा मिनिटं त्याची: गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, तीन मीटरची सैल दोरी, तो नेईल तिकडे तुम्ही. नंतरची दहा मिनिटं तुमची: आखूड दोरी, भरभर चालणं. दोरी ताणली गेली की जागीच थांबा, सैल झाली की चाला. दोन भागांसाठी दोन वेगळे शब्द ठेवलेत तर तो आठवड्याभरात फरक ओळखतो. मार्चपासून जूनपर्यंत डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून पाहा. हात ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजतील. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दुपारी बाहेर नेऊच नका.

आणि फोन खिशात ठेवा. तो कुठे थांबतो, कशाला घाबरतो, कुठला पाय टाळून चालतो, हे त्या पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. दिवसभर स्क्रीनकडे पाहणाऱ्या माणसाला एका जिवाकडे एवढं सलग लक्ष देण्याची संधी दुसरीकडे क्वचितच मिळते.

दिवाळीत आमची कुत्री पलंगाखाली थरथरत बसते. सासरे म्हणतात, जवळ घेतलंत तर अजून लाडावेल. काय करावं?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

जवळ घ्या. भीती ही भावना आहे, खोड नव्हे. धीर दिल्याने ती वाढत नाही. ती पलंगाखालीच बरी असेल तर तिथेच राहू द्या, शेजारी बसा. घरातली आतली खोली निवडा, खिडक्या आणि पडदे बंद, पंखा व टीव्ही चालू. संध्याकाळचं फिरणं अंधार पडण्याआधी उरका. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घाला, कारण आवाजाने पळालेली कुत्री दिवाळीत फार हरवतात. फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत दोन महिने आधीपासून अगदी हळू लावून, सोबत खाऊ देत, आवाज थोडा थोडा वाढवता येतो. औषध हवं असेल तर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जा आणि भीती कमी करणारं औषध मागा. निव्वळ गुंगीच्या काही औषधांनी शरीर सुस्त होतं, भीती आत तशीच राहते.

अंधाराला घाबरणाऱ्या नातवालाही सासरेबुवांनी याच न्यायाने जवळ घ्यायला हरकत नाही.

तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर. मागचे पाय अधू झाले आहेत, रात्री फेऱ्या मारतो, कधी जेवतो कधी नाही. मुलगा म्हणतो, इंजेक्शन देऊन सोडवूया. मला ते पाप वाटतं. डॉक्टर म्हणतात, तुम्ही ठरवा. कसं ठरवायचं?
(एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

आधी जे सुसह्य करता येईल ते करा. फरशीवर त्याच्या वाटेने रबरी चटया अंथरा, घसरण्याच्या भीतीनेच म्हातारी कुत्री उठत नाहीत. नखं कापा, पंज्यातले केस कापा. एका मोठ्या फेरीऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरता येतो. रात्रीच्या फेऱ्या वेदनेने असू शकतात किंवा म्हातारपणच्या विस्मरणाने. दोन्हीवर उपचार आहेत, आणि मंद दिवा चालू ठेवल्यानेही फरक पडतो. वेदनेसाठी माणसांचं आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, जिवावर बेततं. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत.

मग एक वही करा. अॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यक तज्ज्ञांनी यासाठी सात मुद्द्यांची मोजपट्टी तयार केली आहे: वेदना आणि श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे उत्तम. एकूण ३५च्या वर असेल तर सांभाळणं चालू ठेवण्यासारखं आहे. तुम्ही आणि मुलाने वेगवेगळे गुण द्या, एकमेकांना न दाखवता, दोन आठवडे. ‘आनंद’ या मुद्द्यासाठी त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा, जसं गेटपर्यंत जाणं, चेंडू तोंडात धरणं, तुमच्या पायाशी झोपणं. त्यातल्या किती उरल्या ते पाहा.

चौदा दिवसांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की बहुतेक घरांत वाद मावळतो. कुत्र्याला सोडवण्याची घाई होती की त्याला धरून ठेवण्याची, हे आकड्यांत स्पष्ट दिसतं. गुण सतत ३५च्या खाली असतील आणि औषधांनी वर येत नसतील, तर त्याला शांतपणे जाऊ देणं हे पाप आहे असं आम्हाला वाटत नाही. डॉक्टरांना घरी बोलवता येतं. आधी गाढ झोपेचं औषध देतात, मग शेवटचं. तुम्ही त्याच्याजवळ राहा; ओळखीचा आवाज आणि वास असताना त्याला कमी भीती वाटते.

ही नोंद ठेवण्याची सवय घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आजारपणातही कामाला येते. ‘बरं वाटतंय ना?’ याला ‘हो’ हेच उत्तर मिळतं. ‘रात्री किती वेळा उठलात, भाकरी किती गेली?’ असं विचारलं की दुखणं कळतं.

भाड्याच्या घरात कुत्रं पाळू देत नाहीत. तरी त्यांच्या सहवासात राहायचं आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घातलं तर चालेल का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

चालेल, पण नियमाने. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरलेली असावी. ती जिने, इमारतीचं प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर हवी. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालण्यावर भर दिला आहे. म्हणून आधी सोसायटीशी बोला आणि महापालिकेत चौकशी करा. भात आणि उकडलेली अंडी कागदावर वाढा, उरलेलं लगेच उचला. खाणाऱ्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे का पाहा; खाच म्हणजे नसबंदी झालेली. नसेल तर पालिकेला कळवा, कारण खाणं घालून नसबंदी टाळली तर पुढच्या वर्षी तिथे आणखी कुत्री असतात. खाणाऱ्या कुत्र्याला हात लावू नका. जवळच्या निवारा केंद्रात रविवारी कुत्री फिरवायला किंवा आंघोळ घालायला माणसं हवी असतात, तिथेही विचारा.

ओरखडा किंवा दात लागलाच, अगदी ओळखीच्या कुत्र्याचा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) स्वतःहून विचारा, आणि पुढच्या डोसांच्या तारखा तिथेच लिहून घ्या.